राजीखुशीने व अक्कलहुशारीने

"तीस वर्षांचा सर्च मारून घेऊ, टायटल क्लियर हाय, टेन्शन नका घेऊ," वकीलसाहेब म्हणाले. सर्च म्हणजे बाबांचा प्लॉट आधी कोणाकोणाच्या नावावर होता ते रजिस्ट्रीच्या जुन्या नोंदींत पाहणं. मी म्हटलं, तीसच काऊन? एकतिसाव्या वर्षी काय झालं ते कोणी पाहातच नाही का? त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, "तुम्ही मास्तर हाय का?"

मास्तर नाही मी. विम्याचे क्लेम पाहतो. पण वीस वर्षांपूर्वी पोलिटिकल सायन्समध्ये एम.ए. केलं होतं, आणि लग्नाचा बायोडेटा सोडला तर ते कुठंच कामात आलं नाही. आता बाबांचा प्लॉट विकायच्या भानगडीत गेल्या दोन महिन्यांपासून ते सगळं जुनं वर येऊन राहिलं आहे, लॉक, ह्यूम, रॉल्स, नोझिक, ही सगळी परीक्षेपुरती वाचलेली तत्त्वज्ञ मंडळी, म्हणून लिहून ठेवतो. वकिलाला ऐकवून झालं, बायकोला ऐकवून झालं, आता तुम्ही.

प्लॉट म्हणजे काही बंगला बांधण्यासारखा नाही. दक्षिण नागपुरात, रिंग रोडच्या पार, १५०० स्क्वेअर फूट. बाबांनी १९९२ मध्ये घेतला तेव्हा तिथं वावर होतं. कोण्या सोसायटीनं शेतकऱ्याकडून ते वावर घेतलं, चुन्याच्या रेघा मारल्या आणि ले-आउट म्हणून विकलं, एनए म्हणजे बिनशेतीची परवानगी नाही, रस्ता नाही, नाली नाही. पावसाळ्यात स्कूटर काळ्या मातीत अशी फसायची की बाबा गाडी तिथंच सोडून पायी परत यायचे. मग २००१ मध्ये असे प्लॉट नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा आला, अर्ज, डिमांड नोट, पैसे भरा, चकरा मारा, आणि बऱ्याच वर्षांनी एकदाचं आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, मिळालं. नागपुरात ज्यांच्या घरी प्लॉट आहे त्यांना आरएल म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, बाकीच्यांना सांगून समजणार नाही. बाबांनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फाइलमध्ये आणि फाइल कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवली होती. आईचे दागिने मात्र बाहेरच्या कप्प्यात.

बाबा मागच्या कार्तिकात गेले. आता मुलाचं अ‍ॅडमिशन, म्हणून प्लॉट काढतोय.

तर सगळ्यात आधी काकू. बाजूच्या प्लॉटवर त्यांचं घर आहे आणि आमच्या रिकाम्या प्लॉटवर त्या चौदा वर्षांपासून भाजी लावतात. वांगी, पालक, सांभार (कोथिंबीर), कोपऱ्यात एक गोडनिंब. त्याआधी तिथं नुसत्या बाभळी होत्या, आम्ही दसऱ्याला सोनं वाटायला तिकडं गेलो की एखादा तरी काटा चप्पल फोडून पायात जायचाच. काकूंनी बाभळी काढल्या, मुळ्या खणल्या, शेणखत टाकलं, आता माती हातात घेतली तर केक कुस्करल्यासारखी मोकळी लागते. जॉन लॉकनं सतराव्या शतकात मालकीची जी थिअरी सांगितली ती या काकूंना पाहूनच लिहिल्यासारखी आहे. त्याचं म्हणणं असं, की पृथ्वी सगळ्यांची सामायिक, पण माझं शरीर माझं, शरीराची मेहनत माझी, आणि मी माझी मेहनत ज्या जमिनीत कालवली ती जमीनही माझी झाली. अट एवढीच की दुसऱ्यांसाठी तितकीच आणि तितकीच चांगली उरली पाहिजे, आणि घेतलेलं सडू द्यायचं नाही. चौदा वर्षांत आमच्या घरच्यांनी त्या जमिनीत काय कालवलं? काही नाही. टॅक्स भरला.

वकिलाला सांगितलं तर ते घाबरलेच. बारा वर्षं उघडपणे, मालकाला न जुमानता कब्जा असला तर त्याला प्रतिकूल कब्जा म्हणतात, १९६३ चा मुदतीचा कायदा, बारा वर्षांनंतर मालकाचा दावा बाद. सरकारची जमीन असली तर तीस वर्षं. "तुमच्या बाबांनी परवानगी दिली होती का?" मला आठवलं, बाबा फाटकात उभे राहून म्हणाले होते, लावा ना वहिनी, रिकामंच पडून हाय. वकील खूश. परवानगीनं वापरलं म्हणजे कब्जा प्रतिकूल नाही, काकूंचा दावा शून्य. म्हणजे पाहा, बाबा चांगले वागले म्हणून काकूंचा हक्क गेला, तेच भांडले असते तर कदाचित काकू मालकीण झाल्या असत्या. कायद्याची ही गंमत मला दोन दिवस पचली नाही.

पण लॉकच्या नावानं फार टाळ्या वाजवायच्या नाहीत. त्याच प्रकरणात तो सहज म्हणून जातो की माझ्या नोकरानं कापलेलं गवताचं ढेकूळ हे माझं. म्हणजे मेहनत नोकराची आणि माल मालकाचा. मग मेहनतीच्या सगळ्या सिद्धांताचं काय झालं, हा प्रश्न तो स्वतःला विचारतच नाही. आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसे लागलेले होते, हेही माहीत असू द्या.

नोकराच्या मेहनतीवरून मला माझं आजोळ आठवतं. भंडाऱ्याकडचं गाव, आणि गावाला लागून मोठा तलाव. सगळे त्याला मामा तलाव म्हणायचे. मी लहानपणी छाती फुगवून सांगायचो की आमच्या मामाचा तलाव आहे. शाळेत एक पोट्टा म्हणाला माझ्या मामाच्या गावीही मामा तलाव आहे, तर मी त्याला खोटारडा म्हटलं, मारामारी झाली. पाचवी-सहावीत कळलं की मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, थोडे नागपूर, असे मिळून पूर्व विदर्भात साडेसहा हजारांच्या वर असे तलाव आहेत.

आता या तलावांचा सर्च मारून पाहा. खोदले कोणी? मुख्यतः कोहळी समाजानं, गोंड राजांच्या काळापासून. उतार कुठला, पाणी कुठं थांबेल, पाळ किती रुंद पाहिजे, हे डोळ्यांनी पाहून ओळखणारी माणसं. लॉकच्या हिशेबानं तलाव त्यांचे. पुढे इंग्रज आले, १८६० च्या दशकात सेटलमेंट झालं आणि गावाचा वसूल गोळा करणाऱ्या मालगुजाराला त्यांनी सरळ मालक करून टाकलं. मेहनत नाही, कुदळ नाही, कालवणं नाही, सही आणि शिक्का. काल जो वसुली करत होता तो आज गावाचा धनी. मग १९५० मध्ये मालकी हक्क संपवणारा कायदा आला (तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर राजधानी होती), आणि १९५१ च्या मार्चअखेर मालगुजारी संपली. हा कायदा कोर्टात टिकावा म्हणून त्याच वर्षीच्या पहिल्या घटनादुरुस्तीत तो नवव्या अनुसूचीत टाकला. तलाव सरकारचे झाले. म्हणजे नव्वद वर्षांत दोनदा मालक बदलले आणि दोन्ही वेळी कागदावर.

आजोळचे म्हातारे लोक मालगुजाराला शिव्या घालायचे, पण तलावाचा विषय निघाला की आवाज बदलायचा. कारण तलावाचं पाणी धानाला मिळायचं हा गावाचा हक्क होता, निस्तार म्हणायचे, मालगुजारानंही तो तोडला नाही. सरकार मालक झालं तर पाण्याची पट्टी आली. आणि गाळ कोण काढणार? पूर्वी गाव काढायचं, कारण तलाव आपला. मग काही वर्षांनी गाव म्हणायला लागलं सरकारनं काढावा, तलाव त्याचा आहे ना. मामा (खरा मामा, माझा) अजून पाळीवर उभा राहून दाखवतो, इथंपर्यंत पाणी राहायचं, आणि आता ढीवरांची सोसायटी मच्छीचा ठेका घेते त्यांनाही मार्चनंतर जाळं टाकायला चिखलच उरतो. हे पाहिलं की मला वाटतं मालक कोण, हा अर्धाच प्रश्न आहे. कोणाला काय करायची मुभा होती, कोण कोणाला अडवू शकत होतं, हा उरलेला अर्धा, आणि लॉक त्याच्याबद्दल फार बोलत नाही.

लॉकच्याच शतकातला दुसरा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज म्हणेल, अरे बाबा, सरकारच्या आधी माझं-तुझं असं काही नसतंच. १६५१ मध्ये, इंग्लंडात यादवी माजलेली असताना त्यानं लिहिलं की राजसत्ता नसेल तर ज्याच्या हातात जेवढं आणि जोवर, तेवढंच त्याचं. हे समजायला आपल्याला पुस्तक लागत नाही. एकच प्लॉट तीन जणांना विकला, मेलेल्या माणसाच्या जागी दुसराच उभा करून रजिस्ट्री केली, अशा बातम्या इथल्या पेपरात पोह्यासोबत वाचतो आपण. माझ्या ऑफिसातला एक जण दर रविवारी आपला प्लॉट पाहून येतो, जागेवर आहे का म्हणून. जमीन कुठं जाणार! पण जाते, नागपुरात जाते. त्याला हॉब्ज सांगायची गरज नाही.

आणि रूसो, १७५५ मध्ये, नेमका उलटा. पहिल्यांदा ज्यानं जमिनीला कुंपण घातलं, हे माझं म्हटलं, आणि ज्याला ते खरं मानणारी भोळी माणसं भेटली, त्यानं हा समाज उभा केला, कोणी तेव्हाच खुंटे उपटले असते तर किती लढाया, किती खून वाचले असते. कॉलेजात हे वाचून अंगावर काटा आला होता. आता स्वतःच्या प्लॉटला तारेचं कुंपण करायचं कोटेशन घेतलंय, खरेदीदार म्हणतो आधी फेन्सिंग करून द्या. रूसोच्या बाजूनं बोलायचा अधिकार माझा गेला.

आता त्या तीस वर्षांवर येतो, कारण खरी खाज तिथं आहे.

रॉबर्ट नोझिक, हार्वर्डचा, १९७४. त्याचं म्हणणं असं की वाटणी न्याय्य आहे का हे पाहायला आज कोणाकडे किती आहे ते पाहू नका, ते कसं आलं ते पाहा. पहिल्यांदा घेतलं ते सरळ मार्गानं घेतलं का, नंतर एकाकडून दुसऱ्याकडे गेलं ते राजीखुशीनं गेलं का. दोन्ही बरोबर असेल तर मग कोणी करोडपती असो की उपाशी असो, सरकारनं त्यात हात घालायचा नाही. हा तर आपल्या वकिलाचाच धंदा झाला! टायटल व्हेरिफिकेशन. फरक एवढाच की वकील तीस वर्षांवर थांबतो आणि नोझिकला थांबायची परवानगी नाही, त्याच्या थिअरीत साखळीची एक कडी जरी सडकी निघाली तर पुढचं सगळं सडकं.

मग आमच्या त्या १५०० फुटांची साखळी मागं नेऊ. बाबा, सोसायटी, शेतकरी. शेतकऱ्याच्या बापाच्या मागं मालगुजार. मालगुजाराला मालकी दिली इंग्रजानं. इंग्रजाकडे कशी आली? तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले, मुलगा नाही, डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा. नुसतं राज्य नाही, राजवाड्यातले हत्ती, घोडे, दागिने लिलावात काढले. मेलेल्या माणसाच्या घरात शिरून सामान विकणं याला साध्या मराठीत काय म्हणतात ते म्हणा. बरं, भोसल्यांकडे कशी आली? देवगडच्या गोंड राजांच्या घरातल्या भांडणात मदतीला आले आणि मालक होऊन बसले. आणि ज्या बख्त बुलंद शाहानं १७०२ मध्ये हे शहर वसवलं त्या गोंडांची पोरं आज कुठं राहतात आणि त्यांच्या नावावर या शहरात किती प्लॉट आहेत, हे पटवाऱ्याला विचारा.

नोझिक काही मूर्ख नव्हता, त्याला हे कळत होतं. म्हणून त्यानं तिसरा नियम ठेवला, जुना अन्याय दुरुस्त करायचा. पण तो कसा करायचा हे त्यानं सांगितलं नाही. एका ठिकाणी हळूच म्हणतो की इतिहास नीट कळत नसेल तर ढोबळमानानं, समाजात सगळ्यात खाली जो असेल त्याचं जास्तीत जास्त भलं होईल अशी व्यवस्था लावा. आणि हे जवळपास जॉन रॉल्सचंच वाक्य आहे, ज्याच्याशी भांडायला तो सगळा खटाटोप केला होता! मला एम.ए.ला हे कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा रॉल्स विरुद्ध नोझिक, दहा मार्क, दोन रकाने पाडून लिहा, एवढंच.

रॉल्सचं १९७१ चं म्हणणं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. पडद्यामागं बसा, आपण गरीब की श्रीमंत, कोणत्या जातीत, हुशार की ढ, काही माहीत नाही असं समजा, आणि मग समाजाचे नियम ठरवा. विषमता चालेल, पण सगळ्यात खालच्याला तिचा फायदा होत असेल तरच. त्याला सर्च रिपोर्ट लागतच नाही, तो मागं पाहात नाही. मला हा माणूस आवडतो, आवडायचाच, पण त्यानं पडद्यामागं जी माणसं बसवली ना, ती त्यानं कुटुंबप्रमुख म्हणून बसवली होती. घराच्या वतीनं बोलणारी. घराच्या आत काय चालतं ते पडद्यामागूनही दिसत नाही मग. सुझन ओकिन नावाच्या बाईंनी १९८९ मध्ये त्याला यावरूनच धरलं.

आणि इथं माझी आत्या येते.

बाबांनी प्लॉट घ्यायला पैसे आणले कुठून? आजोबांचं वावर विकून. आजोबा-आजी दोघंही गेल्यावर १९९२ मध्येच उमरेडकडचं वावर विकलं. वारस तिघं, बाबा आणि दोन आत्या. दोघी आत्यांनी हक्कसोड पत्र लिहून दिलं. मी तेव्हा आठ वर्षांचा, मला आठवते ती टाइपरायटरची टकटक आणि आत्यांना आणलेल्या दोन साड्या, एक मोरपिशी आणि एक डाळिंबी. डाळिंबी मोठ्या आत्याला आवडली नव्हती, पण घेतली. धाकटी आत्या आता नाही.

तो कागद मला बाबांच्या फाइलीत सापडला. "मी हे हक्कसोड पत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणतीही नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे." आत्या कधी चहाच्या पुढं गेली नाही, नशापाणी तिच्या नावासमोर वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

सोशल कॉन्ट्रॅक्टची, म्हणजे राज्य हे लोकांच्या करारातून उभं राहतं या कल्पनेची, सगळी इमारत या एका ओळीवर उभी आहे. लॉक म्हणतो सरकार चालतं ते लोकांच्या संमतीनं, आणि उघड संमती दिली नसेल तरी तुम्ही त्या राज्यातल्या रस्त्यानं नुसते चालत असाल तर तीही मूक संमतीच. डेव्हिड ह्यूमनं १७४८ मध्ये याची पार धुलाई केली. गरीब कारागीर, परकी भाषा येत नाही, रोजच्या कमाईवर जगतो, तो देश सोडून जात नाही म्हणजे त्यानं संमती दिली असं म्हणणं म्हणजे झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाला म्हणणं की तू जहाजावर थांबलास म्हणजे कप्तान तुला मान्य आहे. उडी मारायला समुद्र मोकळा आहे की!

आत्याला मी एकदा, बाबा असतानाच, गमतीत विचारलं होतं, सही काऊन केली? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "नसती केली तं दिवाळीले कोणाच्या घरी आली असती मी?" तेवढंच. भाकरी उलटवली.

यात आणखी एक वळसा आहे, तो मला अलीकडेच नीट कळला. आत्यांची सही लागली कशाला? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा हिस्सा दिला म्हणून. तो कायदा ज्या हिंदू कोड बिलातून आला ते बिल अडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडलं. म्हणजे एवढा मोठा माणूस खुर्ची सोडतो, पाच वर्षांनी तुकड्या-तुकड्यांत कायदा होतो, मुलींना हक्क मिळतो, आणि घरोघरी त्या हक्काचा उपयोग एवढाच होतो की तो सोडायला रजिस्ट्री ऑफिसात बोलावणं येतं. हक्क नसता तर साडीही मिळाली नसती.

या पाश्चात्त्य मंडळींना वाचताना मला राहून राहून बाबासाहेबांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण आठवतं. २६ जानेवारीला आपण एका विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता आणि समाजात, पैशाअडक्यात विषमता, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर ज्यांना ती सोसावी लागते ते ही लोकशाहीची इमारत उडवून देतील, असा त्याचा अर्थ. करार करतानाच करार लिहिणारा सांगतोय की हा करार अर्धा आहे. असं हॉब्जनं नाही सांगितलं, लॉकनं नाही सांगितलं. आणि दोनच वर्षं आधी, १९४७ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं (जी १९४२ मध्ये आपल्या नागपुरातच स्थापन झाली) त्यांनी जे निवेदन लिहिलं त्यात शेतजमीन सगळी सरकारची करा, गावकऱ्यांना जातपात न पाहता कसायला द्या, मालगुजार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको, असं सरळ घटनेतच लिहा म्हटलं होतं. ते काही झालं नाही. उलट गाडी भलत्याच रस्त्यानं गेली, संपत्तीचा हक्क घटनेत मूलभूत म्हणून बसला, आणि ४४ व्या दुरुस्तीनं १९७९ पासून तो साधा कायदेशीर हक्क झाला, कलम ३००अ. सगळी जमीन सरकारनं घेतली असती तर बरं झालं असतं का? मामा तलाव पाहिल्यावर मला खात्री वाटत नाही. पण भूमिहीन नको हे तीन चतुर्थांश शतकापूर्वी लिहून ठेवलेलं आहे आणि आमच्या वकिलाचा सर्च तिथपर्यंत जात नाही.

गडचिरोलीत मेंढा-लेखा आहे, तिथं जाऊन या कधीतरी. खऱ्याखुऱ्या माणसांनी केलेला करार कसा दिसतो ते तिथं कळतं. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, असं ते म्हणतात आणि ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात, बहुमतानं उरकत नाहीत. २००९ मध्ये १८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०१३ मध्ये तर गावानं ग्रामदान केलं, म्हणजे शेती आपल्या नावावरून ग्रामसभेकडे. मी तिथल्या एका सभेत मागं बसलो होतो, तीन तास एका बांबूच्या मुद्द्यावर. कंटाळलो, खरं सांगतो. संमती खरी असली की वेळ खाते, आणि आपल्याला मंगळवारी अपॉइंटमेंट असते दुय्यम निबंधकाकडे.

सर्च रिपोर्ट आला. इंडेक्स टूच्या, म्हणजे रजिस्ट्रीतल्या व्यवहारांच्या, नोंदी १९९५ पासून, पहिली काही वर्षं नुसतं निरंक, निरंक, निरंक. १९९५ मध्ये सुरू होतो म्हणजे रिपोर्ट उघडतो तेव्हा बाबा आधीच मालक आहेत. तो शेतकरी, ते वावर, त्या दोन साड्या, सगळं तीन वर्षं पलीकडं राहून गेलं. टायटल क्लियर अँड मार्केटेबल.

सोबत वकिलानं व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी एक ड्राफ्ट पाठवला, माझ्या ताईसाठी. ताई पुण्याला असते. "ताईचं हक्कसोड घेऊन घ्या, मग विक्री एकट्याच्या सहीनं होते, बरं पडते." तीच ओळ. राजीखुशीने व अक्कलहुशारीने. नावाची जागा रिकामी. मी तो ड्राफ्ट चार दिवस उघडून बंद केला, उघडून बंद केला, आणि ही जी वर इतकी तत्त्वज्ञानं वाचली ना, ती त्या चार दिवसांत वाचली, फोन करायचा टाळायला.

शेवटी केला. म्हटलं, ताई, दोघांच्या नावानं विकू, अर्धे-अर्धे. ती म्हणाली, "ते तर आहेच, तू काय उपकार करून राहिला का?" मग थोडं थांबून, "आणि आत्याचं काय?"

काकूंनी संक्रांतीपर्यंत मुदत मागितलीय, वांगी निघू द्या म्हणे, खरेदीदार हो म्हणाला. गोडनिंब मुळासकट काढून त्यांच्या अंगणात लावायचा आहे.

आत्याला फोन लावला रविवारी. वावराचं विचारलं, म्हटलं केवढं होतं गं? वाटलं होतं म्हणेल, जाऊ दे रे, जुन्या गोष्टी. ती ताडकन बोलली. "साडेचार एकर. तिघांत दीड-दीड. धुऱ्यावर चिंच होती, चिंचेच्या अलीकडचं माझं धरलं होतं मी मनात." आणि मी न विचारता तिनं मौजा सांगितला, पटवारी हलका नंबर सांगितला, खसरा नंबर सांगितला. "लिहून घेतलं का रे?" म्हणाली. मी म्हटलं थांब, पेन आणतो.